मामाजींचे सगळे दात काढू नका, आणि गोळ्याही बंद करू नका

वाचकाचं पत्र :

डॉक्टर, माझे सासरे ६३ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. मागच्या वर्षी दिवाळीनंतर, कापूस वेचायच्या दिवसांत त्यांना अटॅक आला. नागपूरला नेलं, एक स्टेंट टाकला. तेव्हापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक अशा सुरू आहेत. साखरही थोडी आहे. त्यांच्या हिरड्या सुजतात, रक्त येतं, खालचे समोरचे दात हलतात, तोंडाला वास येतो. गावातले एकजण म्हणाले की दातातला पू रक्तात जाऊनच अटॅक आला, सगळे दात काढून कवळी बसवा म्हणजे पुन्हा येणार नाही. तालुक्याला एका दवाखान्यात दाखवलं तर तिथे सांगितलं, रक्ताच्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवा, मग एकाच दिवशी सगळे काढून टाकू. मामाजी खर्रा (तंबाखू-सुपारी-चुना घोटलेला) सोडत नाहीत. ‘खर्रा ठेवला का हिरडी दुखत नाही’ म्हणतात. माझ्या यजमानांच्याही हिरड्यांतून रक्त येतं, त्यांचं वय ३८. सासूबाई तव्यावर तंबाखू भाजून त्यानं दात घासतात. दातांमुळे खरंच हार्ट अटॅक येतो काय? आम्ही काय करावं? आणखी एक, आठ-दहा दिवसांपासून मामाजी डावा जबडा दुखतो म्हणतात, शेतात जाताना जास्त.
– एक सून, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर :

ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेली ओळ मी सगळ्यात आधी घेतो. डावा जबडा दुखतो आणि शेतात जाताना जास्त दुखतो, हे दाताचं लक्षण वाटत नाही. स्टेंट टाकलेल्या माणसाच्या बाबतीत तर ते दाताचं आहे असं धरूनच चालायचं नाही.

हृदयाला रक्त कमी पडलं की दुखणं दर वेळी छातीतच होतं असं नाही. हृदयाकडून निघणाऱ्या आणि जबड्याकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मेंदूकडे जाताना एकमेकींच्या जवळून जातात, म्हणून मेंदूला ठिकाण नीट कळत नाही. मग ते दुखणं खालच्या जबड्यात, गळ्यात, खांद्यात, डाव्या हातात जाणवतं. बायकांमध्ये आणि साखरेच्या रुग्णांमध्ये असं जास्त होतं. मामाजींना साखर आहेच.

माझ्याकडे असे रुग्ण दाढ धरून येतात. ‘ही काढून टाका डॉक्टरसाहेब’ म्हणतात आणि बोट मात्र एका दाढेवर ठेवत नाहीत, सगळ्या जबड्यावरून हात फिरवतात. मी आरशाच्या दांड्यानं एकेक दात ठोकून बघतो, गार हवा सोडतो, हिरडी दाबतो. कुठेच ‘हां, हीच’ असं येत नाही. मग विचारतो, कधी दुखते? तर म्हणतात, तुरीच्या काड्यांचा भारा डोक्यावर घेतला का, चढ चढलो का. आणि थांबते कधी? बांधावर जरा बसलो का. एवढं ऐकलं की मी हत्यारं ठेवून देतो आणि आधी ईसीजी काढायला पाठवतो.

दाताच्या दुखण्याला चालण्या-बसण्याशी काही घेणं नसतं. गार पाणी लागलं, गोड खाल्लं, त्या बाजूनं चावलं, रात्री आडवं पडलं की ते वाढतं. चालल्यावर किंवा ओझं उचलल्यावर येणारं आणि पाच-दहा मिनिटं बसल्यावर जाणारं दुखणं तपासणी होईपर्यंत हृदयाचंच समजायचं. म्हणून हे वाचलं की दातांच्या आधी मामाजींना ज्यांनी स्टेंट टाकला त्यांच्याकडे किंवा यवतमाळला मेडिकल कॉलेजच्या हृदयरोग तपासणीत दाखवा. पुढच्या आठवड्यात, पेरणी आटोपल्यावर असं करू नका. एक ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. आराम करताना काढलेला ईसीजी पुष्कळदा चांगलाच दिसतो, डॉक्टरांना ‘चालताना दुखतं’ हे स्पष्ट सांगा. आणि बसूनही दुखणं थांबलं नाही, घाम सुटला, दम लागला, मळमळलं तर १०८ ला फोन करायचा. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका.

आता गोळ्यांचं. पाच दिवस रक्ताच्या गोळ्या बंद ठेवा, हा सल्ला जुना आहे आणि तुमच्या बाबतीत धोक्याचा आहे. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. तिच्यावर आतून शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, आणि त्यासाठीच अॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा त्याच जातीची दुसरी गोळी देतात. अटॅकनंतर स्टेंट टाकला असेल तर या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात, अॅस्पिरिन बहुतेकांना कायमची. मामाजींचं वर्ष अजून भरलेलं नाही. मध्येच गोळी सोडली आणि स्टेंट बंद पडला तर दुसरा अटॅक पहिल्यापेक्षा भारी असू शकतो.

दात काढल्यावर रक्त जरा जास्त वेळ येईल, हे खरं. पण ते डोळ्यांसमोर येतं आणि हातानं दाबून थांबवता येतं. खाचेत औषधी स्पंज ठेवायचा, टाका घ्यायचा, ट्रॅनेक्झामिक अॅसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा, एवढ्यानं थांबतं. हृदयात झालेली गुठळी अशी दाबता येत नाही. म्हणून आजची रीत अशी आहे की अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू ठेवूनच दात काढतात, फक्त एका वेळी एक-दोनच, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. गोळी थांबवायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. दाताच्या डॉक्टरांनी त्यांना फोन करावा किंवा चिठ्ठी लिहून विचारावं, त्यात कमीपणा काही नाही. पाच मिनिटांचं काम असतं, पण ते करायचा आपल्याकडे फार कंटाळा.

ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि जे वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोम या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, त्यांचं थोडं वेगळं. त्यांनी दात काढण्याआधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासून घ्यायचं. आणि दाढदुखीसाठी मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणून खायची नाही, कारण ती त्या गोळ्यांचा असर वाढवते आणि रक्त थांबेनासं होतं. अशा झडपवाल्यांना, किंवा ज्यांना पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला होता त्यांना, दात काढण्याच्या तास-अर्धा तास आधी अॅमॉक्सिसिलिनचा एक डोस देतात. प्रौढांना दोन ग्रॅम, एकदाच. तोंडातले जंतू रक्तातून जाऊन झडपेवर घर करतात, हा दात आणि हृदय यांच्यातला सगळ्यात पक्का, निर्विवाद संबंध. पण तो झडपेचा आजार आहे, मामाजींना झालेल्या अटॅकचा नाही. नुसत्या स्टेंटसाठी असा डोस लागत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दातांमुळे अटॅक येतो काय?

गावातल्या त्या गृहस्थांनी जे सांगितलं ते अगदीच हवेतलं नाही, शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे डॉक्टर हेच सांगत होते. १९०० साली विल्यम हंटर नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी तोंडातल्या घाणीवर लिहिलं, आणि पुढे तीस-चाळीस वर्षं इंग्लंड-अमेरिकेत सांधेदुखीपासून वेडापर्यंत कशासाठीही लोकांचे दात उपटले गेले. रोग काही गेले नाहीत, लोक बोळके मात्र झाले. हळूहळू ती टूम बंद पडली आणि विषयच बाजूला पडला. १९८९ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी तो पुन्हा काढला. अटॅक आलेल्यांची तोंडं त्यांनी इतरांशी ताडून पाहिली, तर अटॅकवाल्यांची जास्त खराब निघाली.

त्यानंतर पुष्कळ अभ्यास झाले. त्यातला स्वीडनचा, २०१६ साली आलेला, मला नेटका वाटतो. पहिलाच अटॅक आलेले, ७५ वर्षांखालचे ८०५ रुग्ण आणि त्याच वयाचे, त्याच भागातले, अटॅक न आलेले ८०५ लोक. सगळ्यांच्या जबड्यांचे एक्स-रे काढले. हिरड्यांच्या रोगानं हाड झिजलेले लोक रुग्णांमध्ये ४३ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३३ टक्के. तंबाखू, साखर वगैरेंचा हिशेब वजा केल्यावरही हिरड्यांचा रोग असणाऱ्यांना अटॅकचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी जास्त दिसला.

हे होतं कसं? हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक फट असते, निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर. किटण, म्हणजे दातांवर चढणारा कडक थर, साचलं की जंतू खाली उतरतात, फट खोल होत जाते, आतलं अस्तर सोलवटतं. मग जेवताना, ब्रश करतानासुद्धा जंतू रक्तात जातात. दुसरं म्हणजे ही सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते, आणि तिच्यामुळे रक्तात सीआरपीसारखे सुजेचे पदार्थ वाढलेले राहतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेली चरबी अशा सुजेनं नाजूक होते, फुटते, तिच्यावर गुठळी बसते आणि अटॅक येतो. हिरड्यांतल्या जंतूंच्या खुणा त्या चरबीतही सापडल्या आहेत.

पण इथे मी जरा हात आखडता घेतो. ज्या वावरात गवत माजलेलं असतं, त्याच वावरात अळीही जास्त दिसते. अळी गवतामुळे आली, की मालकाचं दुर्लक्ष होतं म्हणून दोन्ही आलं? दात आणि हृदयाचं तसंच आहे. खर्रा, बिडी, साखर, हलाखी, वेळेवर डॉक्टर न मिळणं, ही सगळी कारणं दोन्हीकडे सारखीच लागू आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये सगळे पुरावे तपासून हेच म्हटलं की संबंध आहे, पण एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही, आणि हिरड्यांचा इलाज केल्यानं अटॅक टळतो असाही पुरावा नाही. २००७ मध्ये १२० रुग्णांवर एक चांगला प्रयोग झाला होता. हिरड्या खोलवर साफ केल्यावर पहिल्या दिवशी रक्तवाहिन्यांची लवचीकता उलट कमी झाली, सहा महिन्यांनी मात्र इतरांपेक्षा सुधारली. ही आशेची गोष्ट आहे. पण लवचीकता सुधारणं आणि अटॅक टळणं यांत बरंच अंतर आहे, म्हणून मी कोणाला ‘दात साफ करा, हृदय वाचेल’ अशी हमी देत नाही. कोणी देत असेल तर खिसा सांभाळा.

आणि सगळे दात काढल्यानं हृदय वाचतं, याला तर कसलाच आधार नाही. उलट ज्यांचे दात गेलेले आहेत त्यांच्यातच हृदयरोग जास्त आढळतो. त्यातलं एक कारण खाण्यातही असावं. दात गेल्यावर मामाजी ज्वारीची भाकर, काकडी, मुळा, घुगऱ्या कशानं चावतील? मग चहा-बिस्किट, चहा-टोस्ट, मऊ भात सुरू होतो, आणि साखर वाढते. कवळी बसवायला हाड लागतं, आणि खालच्या जबड्याची कवळी अनेकांना जन्मभर बसतच नाही, डब्यात पडून राहते.

मग हिरड्यांचा इलाज करायचा कशाला? हिरड्यांसाठी करायचा. दात टिकावेत, दुखणं जावं, वास जावा, नीट जेवता यावं म्हणून. शिवाय मामाजींना साखर आहे, आणि साखरेचा व हिरड्यांचा संबंध हृदयापेक्षा जास्त पक्का आहे, तोही दोन्ही बाजूंनी. साखर वाढली की हिरड्या सडतात आणि हिरड्या सडल्या की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्या नीट साफ केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे आपण जिला तीन महिन्यांची साखर म्हणतो ती, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी होते. एखादी जादा गोळी वाचावी एवढा हा फरक असतो.

आता खर्ऱ्याकडे येतो. मामाजी म्हणतात खर्रा ठेवला की हिरडी दुखत नाही. खरं आहे, दुखत नाही. तंबाखू आणि चुन्यानं जागा बधिर होते आणि आतलं कुजणं चालू राहतं. एकदा त्यांना दारात उजेडाला बसवा आणि खर्रा ठेवतात त्या बाजूचा ओठ खाली ओढून बघा. तिथली हिरडी खाली सरकलेली असेल, दातांची पिवळी मुळं उघडी दिसतील, गालाची आतली कातडी पांढरट, सुरकुतलेली, बोटाला खरखरीत लागेल. दुसऱ्या बाजूला तसं नसेल. जिथे खर्रा तिथे घाव, हे मामाजींना आरशात दाखवा. मी भाषणं देऊन थकलो, आरसा जास्त काम करतो. त्यात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा छाला दिसला, किंवा तोंडात तीन बोटं उभी जात नसली, तर ते हिरड्यांच्या पलीकडचं आहे, लगेच दाखवा. सुपारीनं तोंड आवळत जातं, आणि तिथून कॅन्सरचा रस्ता फार लांब नसतो.

हृदयाचं म्हणाल तर ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना अटॅकचा धोका दुपटीहून जास्त, २.२ पट निघाला. धूर नाही म्हणून हृदयाला त्रास नाही, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यातलं निकोटिन गालातून सरळ रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. स्टेंटवर काही लाख खर्च झाला असेल किंवा जनआरोग्य योजनेतून झाला असेल, पण रोज खर्रा चालू असेल तर तो खर्च अर्धा वाया. माझ्या लेखी मामाजींचे दात आणि हृदय यांना जोडणारा मुख्य धागा हाच आहे, आणि तो एकटा तोडला तरी दोन्हीकडे फायदा होतो.

‘सोडा’ म्हटल्यानं सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. विदर्भात पाहुणा आला की पाण्याच्या ग्लासाआधी खर्रा पुढे होतो, आणि नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी कुठल्या टपरीवर काय मिळतं ते मी सांगायला नको. म्हणून घरापासून सुरू करा. तुमचे यजमान खर्रा खात असतील तर त्यांनी मामाजींसमोर काढायचा नाही, पाहुण्यांना बडीशेप द्यायची, आणि टपरीवाल्यालाही सांगून ठेवायचं की यांना देऊ नको. पहिले चार-पाच दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं हे होणारच, नंतर उतरतं. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फुकट बोलता येतं. निकोटिनची च्युइंगगम किंवा पट्टी मामाजींनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानं चाललेल्या मुक्तिपथ अभियानात गावंच्या गावं मिळून खर्ऱ्याविरुद्ध उभी राहिली. एकट्या माणसावर ओझं टाकण्यापेक्षा ही रीत बरी, तुमच्या गावातल्या बचतगटालाही जमण्यासारखी आहे.

जबड्याच्या दुखण्याचा निकाल लागला आणि हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की मग दातांकडे वळा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल, जमलं तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, त्यांनाच विचारा. ते आधी एक्स-रे काढतील, सळईनं हिरडीची खोली मोजतील, मग दोन-तीन खेपांत किटण आणि हिरडीखालची घाण साफ करतील. जे दात खरोखर लोंबताहेत तेवढेच काढतील. बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी परत पाठवतील, तेव्हा रागावू नका.

दात साफ केले की हलायला लागतात, असं कोणीतरी सांगेलच. दात आधीच सुटलेले असतात, किटणानं लिंपून धरलेले असतात, ते निघालं की खरी हालत कळते. वरची दाढ काढली की नजर जाते, हेही ऐकाल. जात नाही.

बीपीची गोळी कोणती आहे ते बघा. अॅम्लोडिपिन असेल तर काही जणांच्या हिरड्या त्या गोळीनंही फुगतात, दातांवर चढतात. ती मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, बदलून देतील. आणि दाढदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. स्टेंटवाल्यांना त्या बाधतात, आणि आयब्युप्रोफेन अॅस्पिरिनच्या कामातही आडवी येते. तोवर पॅरासिटामॉल चालेल. दवाखान्यात जाताना डिस्चार्ज कार्ड, अँजिओप्लास्टीची फाइल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घ्या. ‘लाल गोळी, छोटी पांढरी गोळी’ यावरून आम्हाला काहीच कळत नाही.

तुमच्या यजमानांचं सोपं आहे, आणि खरं तर सगळ्यात जास्त फायदा त्यांचाच होणार आहे, कारण त्यांचं हाड अजून बहुतेक शाबूत असेल. रक्त येतं म्हणून ते त्या बाजूनं ब्रश फिरवत नसतील, बहुतेक लोक तसंच करतात, आणि म्हणून तिथेच घाण वाढते. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा, रात्रीची वेळ चुकवायची नाही. ब्रश हिरडीच्या काठाशी तिरका टेकवून हळू हलवायचा, भांडं घासल्यासारखा नाही. राख, कोळसा, खरखरीत लाल मंजन बंद. कडुनिंबाची काडी आवडत असेल तर सकाळी करू द्या, पण दातांच्या फटीत आणि आतल्या बाजूला ती पोचत नाही. एकदा किटण काढून आणलं आणि नीट घासलं तर दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवं. नाही थांबलं तर साखर तपासा. तशीही ती तपासाच, बीपीसुद्धा. तिशीवरच्या सगळ्यांची ही तपासणी उपकेंद्रात फुकट होते, आणि वडिलांना अटॅक आलेल्या मुलानं तर ती टाळूच नये.

यवतमाळकडच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, मग फ्लोराइडची पेस्ट कशी चालेल, असं तुमच्या मनात येईल. पेस्ट थुंकून टाकायची असते, मोठ्या माणसाला तिच्यानं काही होत नाही. त्रास पिण्याच्या पाण्याचा आहे. लहानपणी तसं पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात, ते घासून जात नाहीत आणि तो हिरड्यांचा रोगही नव्हे, त्यासाठी पैसे घालवू नका.

राहिल्या सासूबाई. तव्यावर भाजलेली तंबाखू म्हणजे मिश्री, आणि मिश्री म्हणजे तंबाखूच, मंजन नव्हे. दिवसातून किती वेळा घासतात ते जरा बघा. सकाळी एकदा, जेवल्यावर, दुपारी काम आटोपल्यावर असं तीन-चारदा असेल तर ते दात घासणं नसून व्यसन आहे, आणि त्यांचं बीपी या महिन्यात मोजायलाच हवं. एकदम हिसकावून घेऊ नका, भांडण होईल आणि डबी लपवून चालू राहील. आधी दुपारची वेळ बंद, पंधरा दिवसांनी जेवणानंतरची, शेवटी सकाळची, आणि त्या प्रत्येक वेळी हातात ब्रश. मामाजींना यवतमाळला न्याल तेव्हा त्यांनाही सोबत घ्या, एकाच एसटीच्या खेपेत दोघांची तोंडं तपासून होतील.